चाकाखालची वहिवाट : फ्रान्समधील कच्च्या वाटा आणि सायकलप्रवास

फ्रान्स आणि सायकल हे दोन शब्द एकत्र आले की आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे जुलै महिन्यातील ती सुप्रसिद्ध शर्यत उभी राहते. डांबराचा गुळगुळीत रस्ता, दुतर्फा माणसांची दाटी, आणि मधून वाऱ्यासारखे निघून जाणारे रंगीबेरंगी सदऱ्यांचे सायकलस्वार. हे चित्र खोटे नाही. परंतु या डांबरी फ्रान्सच्या पाठीमागे दुसरा एक फ्रान्स आहे. तो मातीचा, मुरमाचा आणि चुनखडीच्या पांढऱ्या धुळीचा आहे. शेतांच्या कडेने, द्राक्षमळ्यांच्या उतारांवरून, कालव्यांच्या काठाने आणि रूळ काढून टाकलेल्या लोहमार्गांवरून जाणाऱ्या तेथील कच्च्या वाटांवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवा प्रवासी दिसू लागला आहे. तो ज्या वाहनावर बसून येतो त्यास ‘ग्रॅव्हल’ सायकल, म्हणजे खडीवर चालणारी सायकल, असे नाव आहे. या वाटा कोणत्या, त्या आजवर कशा टिकल्या, आणि त्यांच्या टिकण्याशी या नव्या प्रवाशाचा काय संबंध आहे, एवढेच प्रस्तुत लेखात आम्हांस सांगावयाचे आहे.

नवे नाव, जुनी गोष्ट

प्रथम सायकलविषयी दोन शब्द. शर्यतीच्या सायकलचा टायर साधारणतः २५ ते ३० मिलिमीटर रुंद असतो व त्यात हवा ठासून भरलेली असते. खडीवरच्या सायकलचा टायर ३५ ते ५० मिलिमीटरपर्यंत रुंद असतो आणि त्यातील हवेचा दाब जवळजवळ निम्मा, कधी त्याहूनही कमी असतो. यामागील तत्त्व सोपे आहे. ताठ टायर खड्यावर आदळला की सायकल आणि स्वार दोघेही वर उचलले जातात. या प्रत्येक उचलण्यात पायांची शक्ती वाया जाते. रुंद व मऊ टायर खड्यापुरता आत दबतो आणि पुढे निघून जातो. शिवाय त्याचा जमिनीशी स्पर्श अधिक, म्हणून पकडही अधिक. चढणीसाठी हलके गिअर आणि सामानासाठी दोनचार पिशव्या जोडल्या की वाहन तयार झाले. डांबरावर ते फारसे मंद नाही आणि पाणंदीत ते अडून बसत नाही.

हे नाव अमेरिकेतून आले. कॅन्सस राज्यातील फ्लिंट टेकड्यांत २००६ साली सुरू झालेल्या खडीरस्त्यांवरील लांब पल्ल्याच्या शर्यतीने त्याचा बोलबाला झाला. २०२२ पासून तर या प्रकाराचे जागतिक अजिंक्यपदही ठेवण्यात येऊ लागले. परंतु नाव नवे असले तरी गोष्ट फ्रान्सला मुळीच नवी नाही. रस्त्यावर डांबर ओतून धूळ बसविण्याचा प्रसिद्ध प्रयोग डॉ. गुल्येल्मिनेती या स्विस वैद्यांनी मोनाको येथे केला तो १९०२ साली. त्यानंतर डांबर सर्वत्र पोहोचण्यास काही दशके लागली. म्हणजे १९०३ साली पहिली ‘तूर द फ्रान्स’ धावली ती खडीवरून, आणि १९१० साली शर्यतीने पिरेनीज पर्वतातील २,११५ मीटर उंचीची तूरमाले खिंड प्रथम ओलांडली तीही दगडमातीच्या वाटेनेच.

शर्यत बाजूला ठेवून केवळ देश पाहण्यासाठी सायकलवर बसावे, हा विचार फ्रान्समध्ये रुजविणाऱ्यांत पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांचे नाव आदराने घेतले जाते. ‘वेलोसियो’ या टोपणनावाने ते लिहीत. सेंत एतिएन या औद्योगिक गावी ते आधी रेशमाचा व्यापार करीत; पुढे सायकलींच्या धंद्यात शिरले, आणि १८८७ साली त्यांनी सायकलविषयक नियतकालिक काढले. डोंगराळ कच्च्या रस्त्यांवर एकाच गिअरने भागत नाही, गिअर बदलता आले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. शर्यतीच्या चालकांना मात्र ही सोय म्हणजे पुरुषार्थाची हानी वाटे, आणि ‘तूर’मध्ये गिअर बदलण्याच्या यंत्रणेस १९३७ पर्यंत बंदीच होती. वेलोसियो शाकाहारी होते व एस्पेरांतो भाषेचे पुरस्कर्तेही होते, हे ऐकून आपल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना त्यांच्याविषयी थोडी अधिक जवळीक वाटेल. सारांश, आजचा ग्रॅव्हल सायकलस्वार स्वतःस कितीही आधुनिक समजो, तो वेलोसियोच्याच वाटेवर परत आलेला आहे.

वाट कोणाची?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ज्या देशात इतके उत्तम डांबरी रस्ते आहेत, तेथे एवढ्या कच्च्या वाटा उरल्या कशा? याचे उत्तर निसर्गात नाही. ते कायद्यात व रूढीत आहे.

फ्रान्समध्ये स्थानिक स्वराज्याचा सर्वांत लहान घटक म्हणजे ‘कम्यून’. देशात सुमारे ३५,००० कम्यून आहेत आणि त्यांतील बहुसंख्य लहान खेडी आहेत. प्रत्येकीस निवडून दिलेले मंडळ व महापौर असतो; मग गावाची वस्ती दोनशेच का असेना. ७ जानेवारी १९५९ च्या वटहुकमाने कम्यूनच्या वाटांचे दोन वर्ग ठरले. पहिला वर्ग गावरस्त्यांचा. हे रस्ते सार्वजनिक मालमत्तेत मोडतात, त्यांची देखभाल करणे कम्यूनचे कर्तव्य असते, आणि कोणी कितीही वर्षे त्यांवर अतिक्रमण करून बसला तरी त्यास मालकी मिळत नाही. दुसरा वर्ग ‘शमँ रुराल’चा, त्यास आपण शेतवाट म्हणू. तिची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. ती लोकांच्या वापरासाठी खुली असते, पण कायद्याच्या दृष्टीने कम्यूनच्या खासगी मालमत्तेत मोडते. म्हणून तिची डागडुजी करण्याची कम्यूनवर सक्ती नाही. ती विकताही येते. आणि शेजारच्या शेतकऱ्याने ती नांगरून तीस वर्षे बिनतक्रार कसली, तर ती त्याची होऊ शकते.

अशा दुबळ्या मालमत्तेस आधार कशाचा? लोकांच्या पावलांचा. एखाद्या वाटेने लोक जा-ये करीत असतील, किंवा कम्यूनने वेळोवेळी तिच्यावर देखरेख ठेवली असेल, तर ती सार्वजनिक वापराची आहे असे कायदा गृहीत धरतो. उलट ती विकावयाची असेल, तर लोकांनी तिचा वापर सोडलेला असला पाहिजे, आणि नंतरही जाहीर चौकशी झाल्यावाचून मंडळास ठराव करता येत नाही. आपल्या महसुली व्यवहारातील ‘वहिवाट’ हा शब्द येथे अगदी चपखल बसतो. वाट चालती आहे तोवर ती सर्वांची. चालणे थांबले की ती एकट्याची होण्याच्या मार्गास लागते.

आणि चालणे थांबले, ही वस्तुस्थिती आहे. १९४१ च्या कायद्यान्वये सुरू झालेली व दुसऱ्या महायुद्धानंतर जोरात चाललेली जमिनींची तुकडेजोड फ्रेंच शेतीचे रूप पालटून गेली. लहान तुकडे एकत्र करून ट्रॅक्टरला सोयीची मोठी शेते आखण्यात आली. ब्रिटनी प्रांतात तर शेताशेतांमधील झाडझुडपांचे उंच बांध यंत्रांनी सपाट केले, आणि त्या बांधांमधून जाणाऱ्या सावलीच्या वाटाही त्यांबरोबर गेल्या. धान्याचे उत्पादन वाढले, ही गोष्ट नाकारता येणार नाही. पण त्याच सुमारास तरुण मंडळी शहरांकडे गेली, गिरणीकडे धान्य घेऊन जाणारा कोणी उरला नाही, शाळेची पोरे मोटारीने जाऊ लागली. उरलेल्या वाटांवर काटेरी जाळ्या माजल्या. काही नांगराखाली गेल्या, काहींच्या तोंडाशी तारेचे कुंपण आले.

लोकांना या हानीची जाणीव झाली तेव्हा उपायही झाले. २२ जुलै १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने फिरण्याच्या वाटांची एक अधिकृत योजना तयार करावी असे ठरले. या योजनेत नोंदलेली शेतवाट विकावयाची तर तिच्या बदली योग्य अशी दुसरी वाट द्यावी लागते. पुढे फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने कम्यूनांना आपल्या सर्व शेतवाटांची मोजदाद करण्याचा ठराव करण्याची मुभा मिळाली. ही मोजदाद चालू असताना त्या तीस वर्षांचे घड्याळ थांबून राहते. मात्र कागदावर नोंद झाली तरी वाटेवर कोणी तरी जाणारा हवा. पायी फिरणारे, घोडेस्वार आणि आता हे सायकलस्वार, यांच्या येण्याजाण्यास म्हणूनच करमणुकीपलीकडचा अर्थ आहे.

वाटांचे प्रकार

या वाटांचे काही ठळक नमुने पाहू, म्हणजे त्यांतील विविधता ध्यानात येईल.

पहिला नमुना कालव्याच्या काठाचा. दक्षिणेतील मिदी कालवा पिएर-पॉल रिके या करवसुली अधिकाऱ्याने १६६६ ते १६८१ या काळात खोदविला. तो पुरा होण्यापूर्वीच, १६८० साली, रिके मरण पावला. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळील तो खाजणापर्यंत सुमारे २४० किलोमीटर लांबीचा हा जलमार्ग १९९६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. घोडे काठाने चालत होड्या ओढीत. ती घोड्यांची वाट आज सायकलींस उपयोगी पडते. तुलूझकडील भागात ती पक्की केलेली आहे. पुढे ओद जिल्ह्यात ती अरुंद, मातीची आणि झाडांच्या मुळांनी उंचसखल झालेली आहे. ही झाडे चिनाराच्या जातीची. काठावर ती सुमारे ४२,००० होती; परंतु २००६ साली त्यांना एक असाध्य बुरशीरोग जडल्याचे आढळले, आणि तेव्हापासून हजारो झाडे तोडून जाळावी लागली. त्या जागी निरनिराळ्या जातींची रोपे लावण्याचे काम चालू आहे. एका बाजूस शतकभराची गर्द सावली व पुढच्या वळणावर उघडे ऊन, असा हा प्रवास आता आहे.

दुसरा नमुना लोहमार्गांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सने खेडोपाडी लहान लोहमार्ग नेले. मोटारी आल्यावर ते एकेक करून बंद पडले. बर्गंडीतील जिव्री ते क्लुनी हा असाच बंद मार्ग १९९७ साली चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी खुला झाला, आणि देशातील पहिली ‘हिरवी वाट’ म्हणून त्याची नोंद झाली. आगगाडीस तीव्र चढ चालत नाहीत. म्हणून मुले व वृद्धही येथे सुखाने सायकल चालवितात. ही वाट पुढे माकाँच्या बाजूस नेताना ब्वा क्लेर येथील सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. हिवाळ्यात तेथे वटवाघळे विसावतात, म्हणून त्या ऋतूत बोगदा बंद ठेवतात व प्रवाशास डोंगर चढून जावे लागते. वाटेवर माणसाइतकाच इतर जिवांचाही हक्क असतो, हे येथे व्यवहारात मान्य झालेले दिसते. मात्र ही वाट डांबरी आहे. वाट लोकप्रिय झाली की तिला पक्की करा अशी मागणी येते, आणि पक्की झाली की जिच्या शोधात माणूस आला ती कच्ची वाट नाहीशी होते, हा पेच येथे दिसून येतो.

तिसरा नमुना शाँपेन प्रांतातील पांढऱ्या वाटांचा. तेथील जमिनीखाली खडूसारख्या चुनखडकाचा थर आहे. द्राक्षमळ्यांत जाणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी त्याच चुऱ्याने वाटा बांधतात. कोरड्या दिवशी त्या कठीण व शुभ्र असतात, पाऊस पडला की त्यांचा चिकट गारा होतो. ७ जुलै २०२४ रोजी ‘तूर द फ्रान्स’चा नववा टप्पा त्र्वा शहराभोवती अशा १४ तुकड्यांवरून, एकूण सुमारे ३२ किलोमीटर, नेण्यात आला, आणि ज्या वाटा द्राक्षे वाहण्यापलीकडे कोणास ठाऊक नव्हत्या त्या एका दिवसात जगाने पाहिल्या.

चौथा नमुना ब्रिटनीतला, आणि तो आम्हांस विशेष वाटतो. तेथील शेतांकडे जाणाऱ्या अरुंद पाणंदीस ब्रेटन भाषेत ‘रिबिन’ म्हणतात. दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताची पट्टी, असे तिचे रूप. १९८४ साली या रिबिनांवरून ‘त्रो ब्रो लेऑन’, म्हणजे लेऑन परगण्याची फेरी, ही शर्यत सुरू झाली. तिचा मूळ हेतू होता ब्रेटन भाषेतून शिकविणाऱ्या ‘दीवान’ शाळेस पैसा उभा करणे. ‘दीवान’ या ब्रेटन शब्दाचा अर्थ अंकुर. शर्यतीत पहिल्या येणाऱ्या ब्रेटन स्वारास डुकराचे पिल्लू बक्षीस देण्याची तेथे प्रथा आहे. जी भाषा शाळेतून हद्दपार झाली होती आणि जी वाट नकाशावरून पुसली जात होती, त्या दोघींनी एकमेकींचा हात धरावा, यात मोठे औचित्य आहे. दोघीही वापराने जगणाऱ्या.

लार्झाकचे पठार

पाचवा नमुना लार्झाकच्या पठाराचा. त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगणे प्राप्त आहे, कारण तिचा एक धागा आपल्या वर्ध्यापर्यंत येतो.

मध्य फ्रान्समधील आव्हालाँपासून भूमध्य समुद्रापर्यंत सायकलींसाठी आखलेला एक महामार्ग आहे. तो मोर्व्हांच्या अरण्यातून, ओव्हेर्न्यच्या विझलेल्या ज्वालामुखींच्या पायथ्याने आणि सेवेन पर्वतातून सुमारे १,४०० किलोमीटर जातो, व शेवटच्या टप्प्यांत त्यास लार्झाक लागते. हे चुनखडीचे कोरडे पठार. पडलेला पाऊस खडकात मुरून जातो. म्हणून मेंढ्यांना पाणी मिळावे यासाठी दगडांनी बांधलेली उथळ तळी जागोजाग आहेत. येथील मेंढ्यांच्या दुधापासून रोकफोर नावाचे प्रसिद्ध चीज होते. मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन ज्या वाटांनी उंच कुरणांवर जात, त्या रुंद वाटांवर आज सायकलींच्या चाकांचे ठसे दिसतात.

ऑक्टोबर १९७१ मध्ये सरकारने जाहीर केले की, या पठारावरील सुमारे ३,००० हेक्टरांचा लष्करी तळ १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवावयाचा. ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्यांपैकी १०३ शेतकऱ्यांनी मार्च १९७२ मध्ये एकत्र शपथ घेतली की, आम्ही जमीन देणार नाही. त्याच महिन्यात ला काव्हालरी या गावी लांझा देल व्हास्तो यांनी पंधरा दिवसांचे उपोषण केले. हे गृहस्थ १९३७ साली वर्ध्यास गांधीजींच्या सहवासात राहिले होते, आणि गांधीजींनी त्यांना ‘शांतिदास’ हे नाव दिले होते. त्यांच्या संगतीत शेतकऱ्यांनी अहिंसेचा मार्ग पत्करला. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यांनी आपल्या मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी चारल्या. परवानगी नसताना ला ब्लाकिएर येथे दगडी मेंढवाडा बांधला. दहा वर्षे हा लढा चालला, आणि १९८१ साली फ्रांस्वा मितेराँ अध्यक्ष होताच तळाची वाढ रद्द झाली. जुना तळ आजही तेथे आहे व त्याच्या हद्दीत जाता येत नाही. पण त्याबाहेरच्या पठारावर मेंढ्या चरतात, शेतकरी राहतात आणि वाटा मोकळ्या आहेत. लार्झाकच्या खडीवरून जाणाऱ्या सायकलस्वारास ती वाट आयती मिळते. ती मिळावी म्हणून कोणी दहा वर्षे दिली, हे त्यास ठाऊक असावे एवढेच आमचे म्हणणे.

नकाशा, पाणी आणि शिस्त

आता व्यवहाराचे थोडे. पुणे, नाशिक, मुंबई येथील अनेक सायकलस्वार १८९१ साली सुरू झालेल्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या प्रवासासाठी फ्रान्सला जातात. तो मार्ग डांबरी आहे. त्यानंतर चारदोन दिवस काढून कच्च्या वाटेस लागावयाचे असेल, तर काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा हा उत्तम सोबती. त्यावर पाऊलवाटही सुटत नाही. तो आता भ्रमणध्वनीवरही पाहता येतो. मात्र नकाशावर रेघ आहे म्हणजे जाण्याचा हक्क आहे असे नव्हे. शेतवाटेसारखीच दिसणारी, परंतु लगतच्या शेतमालकांच्या सामाईक मालकीची अशी एक वाट असते. तेथे ते लोकांना मज्जाव करू शकतात. फलक असेल तर तो पाळावा. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. ‘शिकार चालू’ असा फलक दिसल्यास दुसरी वाट धरावी व अंगावर भडक रंगाचा सदरा असू द्यावा. लहान गावांतील दुकाने दुपारी बंद असतात, आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारी पावही मिळत नाही. पाण्यासाठी गावची दफनभूमी शोधावी. तेथे बहुधा नळ असतो. त्यावर ‘पिण्यास अयोग्य’ असे लिहिलेले नाही, एवढे पाहून बाटली भरावी. थकल्यास प्रादेशिक आगगाडीत सायकल चढविता येते. काही मार्गांवर उन्हाळ्यात तिचे आरक्षण करावे लागते.

कुरणाचे फाटक उघडले तर ते आपणच लावावे. मेंढ्यांचा कळप दिसला की उतरून चालावे. ओल्या मातीवर ब्रेक दाबून चाक घसरवू नये, कारण त्या चरातून पाणी वाहते आणि वाट खचते. पायी चालणाऱ्यास आधी जाऊ द्यावे. हे नियम लहान दिसतात, परंतु ज्या गावच्या मंडळापुढे उद्या त्या वाटेचा प्रश्न येईल, त्यातील सभासद शेतकरीच असतात. सायकलस्वारांचा त्यांना उपद्रव झाला तर वाट बंद करण्याच्या बाजूने हात वर होतील. उपयोग झाला, म्हणजे गावातील एकुलता एक पावाचा कारखाना चालला आणि वाटेवरची काटेरी जाळी हटली, तर ते हात वाट राखण्यासाठी वर होतील.

ज्या वाटेस मालक नाही तिची काळजी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न सर्व देशांतील खेड्यांपुढे आहे. फ्रान्सने त्यास कायद्याचे उत्तर दिले, पण त्या उत्तराचा अर्धा भाग लोकांकडेच ठेवला. मंडळाने नोंद ठेवावी, महापौराने अडथळे दूर करावेत, आणि लोकांनी त्या वाटेने जावे. तिघांपैकी एकानेही अंग काढून घेतले तर तीस वर्षांनी तेथे गहू उभा राहतो. ग्रॅव्हल सायकलचा छंद उद्या ओसरेल किंवा टिकेल. परंतु आज तरी शेकडो लहान गावांतून, जेथे दुसरे कोणी फिरकत नाही अशा वाटांवर, तिची दोन चाके वहिवाटीचा पुरावा ठेवून जात आहेत.